मामंजींची खाकर

“ही लाळ आहे,” खिडकीमागचा माणूस म्हणाला आणि त्यानं बाटली माझ्याकडे परत सरकवली.

मी बाटलीकडे पाहिलं. लाल झाकणाची प्लॅस्टिकची बाटली, तिच्यावर पट्टी: केतकी, वय दहा. आत जे होतं ते मी सकाळपासून जपून आणलं होतं आणि मला त्यात काही उणं दिसत नव्हतं.

“कालही तुम्ही हेच म्हणालात.”

“कालही लाळच होती, आजोबा.”

“मग नेमकं पाहिजे तरी काय?”

“बेडका!” तो म्हणाला. त्याचा काही दोष नव्हता. काचेच्या तळाशी असलेल्या त्या अर्धगोल भोकातून बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. “छातीतला बेडका पाहिजे. घट्ट. थुंकीत आम्ही काय शोधायचं, सकाळचा चहा?”

रांग हसली. माझा हात धरून उभी असलेली केतकी माझ्या सदऱ्यामागे सरकली.

नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी हयात काढली. खिडकीआड बसून लोकांना ‘उद्या या’ म्हणण्याचं कसब मला ओळखता येतं. फक्त खिडकीच्या या बाजूला उभं राहण्याची सवय नव्हती.

बाहेर आल्यावर केतकी म्हणाली, “आबा, लाळ म्हणजे नापास का?”

“छे. एटीकेटी.”

“म्हणजे?”

“म्हणजे उद्या परत.”

ती हसली, हसताना खोकला आला, आणि तिनं ओठ घट्ट मिटून तो गिळून टाकला. मला वाटलं, किती शहाणी मुलगी.

केतकी ही माझ्या मंजिरीची मुलगी. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला ती एखादी पंप बनवणारी परदेशी कंपनी वाटली होती. प्रकार जन्मजात आहे. आपल्या छातीतल्या नळ्यांना आतून पातळ ओलावा असतो, त्यावरून धूळबीळ वाहून वर येते आणि आपण नकळत मोकळे होतो. केतकीच्या बाबतीत तो ओलावाच घट्ट. कफ नळ्यांना चिकटून बसतो, आणि बसलेल्या कफात जंतू बिऱ्हाड करतात. त्या हिवाळ्यात त्यांनी चांगलाच जम बसवला होता. ताप हटत नव्हता, फ्रॉक खांद्यावरून घसरत होते. जावई कतारला, म्हणून मंजिरी तिला घेऊन आमच्या गावी आली होती. आमचं गाव रेल्वेच्या जंक्शनचं आणि मोठ्या इस्पितळाचं. माणसं इथं येतात ती एक तर गाडी बदलायला, नाही तर औषध बदलायला.

औषध बदलूनही झालं होतं. डॉक्टर म्हणाले, “आत नेमका कुठला जंतू आहे ते कळल्याशिवाय मी नुसता चाचपडतोय. कफ आणा. शनिवारपर्यंत नाही मिळाला, तर भूल देऊन, दुर्बीण आत घालून काढावा लागेल.” मग केतकीला बाहेरच्या काचपेटीतले मासे बघायला पाठवून ते हळूच म्हणाले, “खरं सांगू? या छातीला भूल द्यायची माझी इच्छा नाही.”

हे झालं सोमवारी. लाळ दुसऱ्यांदा परत आली तो दिवस गुरुवार.

घरी आलो तर दारात कुमुद. कुमुद म्हणजे माझी बायको.

“घेतली?”

“लाळ निघाली.”

“पुन्हा?”

आतून मंजिरीचा आवाज आला, “आई, परवा शनिवार आहे गं.” एवढंच.

केतकी चपला काढून थेट बाथरूममध्ये गेली आणि मागोमाग नळाचा आवाज सुरू झाला. हे तिचं रोजचं. दिवसातून कितीदा तरी आत जायची, नळ पुरता सोडायची, आणि बराच वेळ पाणी नुसतं वाहत राहायचं. पाणीपुरवठ्याच्या माणसाला कोरडा नळ सोसवतो, त्याची सवय असते. वाहता नळ ऐकवत नाही.

“केतकी, नळ!”

“हो आबा!”

“हात धुतेस की हत्ती?”

नळ बंद झाला. केतकी बाहेर आली. हात कोरडे होते. हेही मी पाहिलं, आणि त्यावरही काही विचार केला नाही.

चहाच्या सुमारास तबस्सुम आली. तबस्सुम मुजावर, इस्पितळातली फिजिओथेरपिस्ट. चणीनं लहान, पण हात असे की पाट्यावर पुरण वाटावं. ड्यूटी संपली की स्कूटीवरून आमच्याकडे यायची. आधी मिठाच्या पाण्याची वाफ मशीननं नाकातोंडात द्यायची, मग केतकीला कुशीवर झोपवून, तळव्याची पोकळ ओंजळ करून पाठीवर आणि बरगड्यांवर थापा मारायची. टपटप टपटप. पहिल्या दिवशी कुमुद कासावीस होऊन म्हणाली होती, “अगं, लागेल तिला!”

“लागत नाही आजी. आत हवा असते तळव्यात. घागरीवर थाप मारावी तसं. चिकटलेलं सुटं होतं.”

“आणि मिठाची वाफ कशाला?”

“मीठ पाणी ओढतं. कफ पातळ होतो.”

कुमुदनं क्षणभर विचार केला. “म्हणजे पाक पुढे गेलाय. आपला सगळ्यांचा एकतारी, आणि पोरीचा गोळीबंद. मग पाण्याचा हबका मारून मागं आणायचा.”

“एकदम बरोबर,” तबस्सुम म्हणाली.

डॉक्टरांनी मला वहीत नळ्यांचं चित्र काढून पाऊण तास समजावलं होतं. नळ्या हा माझा जन्मभराचा विषय. तरी मला जे कळलं नाही ते हिला पाकावरून कळलं, त्यामुळे त्या दिवशी मी पेपर जरा जास्त वेळ वाचला.

त्या गुरुवारी तबस्सुमनं नवीन युक्ती काढली. “काका, तुमचा चष्मा द्या.”

चष्मा दिला. मला दिसायचं बंद झालं, पण ऐकू येत होतं.

“केतकी, आबा चष्मा पुसताना काय करतात?”

“काचेवर हाऽ करतात.”

“तसंच करायचं. तोंड मोठं उघडून, पोटातून. हाऽऽ! काच धुरकट झाली पाहिजे. खोकायचं नाही. खोकून घसा सोलवटतो आणि नळ्या मिटतात. हाऽ केलं की कफ जिन्यानं एकेक पायरी वर येतो.”

“हा,” केतकी म्हणाली.

“हे मांजर झालं. म्हैस पाहिजे.”

“हाऽऽ!”

“आता कसं!”

तिसऱ्या-चौथ्या हाऽला तिच्या छातीत काहीतरी खडखडलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते खडखडत वर आलं, गळ्याशी आलं. मंजिरीनं बाटलीचं झाकण उघडलं. तबस्सुम पुटपुटली, “आता खाकर आणि टाक.”

केतकीनं ओठ मिटले. मान किंचित खाली गेली. गटकन आवाज झाला.

“गिळलंस?”

“नाही.”

“केतकी.”

“आलंच नव्हतं,” ती म्हणाली आणि रडू लागली. मंजिरी उठून स्वयंपाकघरात गेली. भांडं आपटल्याचा आवाज झाला. मंजिरी रडायची नाही, भांडी आपटायची. तिची रीतच ती.

जाताना तबस्सुम जिन्यात मला म्हणाली, “काका, वाफ होतेय, थापा होतायत, हाऽ तर झकास होतोय. दारापर्यंत येतंय ते. दारातून परत जातंय. तिथं कोण अडवतंय तेवढं बघा.”

मी चष्मा चढवला. काचांवर केतकीचे हाऽ अजून होते.

शुक्रवारी तबस्सुम सकाळीच आली, ड्यूटीच्या आधी. सगळं पुन्हा सुरू. वाफ, थापा, चष्मा. कुमुद समोरच्या खुर्चीत मेथी निवडत बसली होती. मी दाराजवळ, पायावर पाय टाकून, पेपरामागे. छातीत खडखडलं. गळ्याशी आलं.

आणि या वेळी, पेपराच्या कडेवरून, मी एक गोष्ट पाहिली. केतकीनं ओठ मिटण्याआधी आज्जीकडे पाहिलं.

गटकन.

“थांब गं तबस्सुम,” मी म्हणालो. “केतकी, आज्जीकडं का बघितलंस?”

“नाही बघितलं.”

“बघितलंस. मी चष्मा नसतानाही बघितलं.”

ती पलंगपोसाचा दोरा ओढत बसली. मग म्हणाली, “आज्जी बसलीये ना.”

“मग?” कुमुद म्हणाली. “मी बसले तर काय झालं, राणी?”

“तू सांगितलं होतंस ना. श्रीदादाच्या मुंजीत. मी तिथं जोरात खाकरले होते, तर तू म्हणालीस, बायका खाकरत नाहीत. पुरुष खाकरतात. आपण आत जायचं आणि नळ सोडायचा. म्हणजे कुणाला ऐकू येत नाही.”

टप. मेथीची एक काडी खाली पडली.

“मी आत जाते पण,” केतकी घाईनं म्हणाली, जणू तक्रार तिच्यावर होती. “पण तबस्सुमदीदी इथं झोपवते. इथं नळच नाहीये.”

मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं आईकडे पाहिलं आणि मग पटकन दुसरीकडे पाहिलं. मी कुमुदकडे पाहिलं. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली होती आणि या बाईनं माझ्यासमोर एक शिंकदेखील पुरी केली नव्हती. अर्धी यायची, अर्धी पदरात जायची. सर्दीखोकला झाला की आत जायची आणि पाणी वाहायचं. मी ओरडायचो, ‘कुमुद, नळ!’ ती म्हणायची, ‘हो.’ इतकी वर्षं पाण्याचा हिशेब केला, पण ते पाणी कशावर सांडत होतं हे काही माझ्या मोजमापात बसलं नव्हतं.

कुमुदनं मेथीचं ताट बाजूला ठेवलं. उठली. बाहेरचं दार उघडलं, बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

“आई!” मंजिरी म्हणाली.

“जाऊ दे,” मी म्हणालो. मला वाटलं, रडायला गेली. जिन्यात नळ नव्हता, हे मनात आलं.

आणि तेवढ्यात जिन्यातून आवाज आला.

आधी खालून, अगदी तळातून, घर्रर्र अशी एक मालगाडी सुरू झाली. मग ती चढावर लागली. वर, आणखी वर, मध्ये जरा थांबली, जणू सिग्नल मिळेना, आणि मग “अ‍ॅऽहॅऽख्खाक्!” असा शेवटचा टोला, की आमच्या दाराची कडी थरथरली.

मी पायावरचा पाय खाली घेतला आणि पेपराची घडी घातली.

हे मी केलं नाही, ते झालं. कारण ती माझ्या वडिलांची खाकर होती. हुबेहूब. वडील रेल्वेत गार्ड होते, आणि त्यांना जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. देवस्थळींचा आवाज आला, “कोण आलंय?”

“कुणी नाही,” कुमुदचा आवाज आला. “मीच.”

पुढं काही ऐकू आलं नाही. देवस्थळींनी दार लावून घेतलं असावं.

कुमुद आत आली. पदर खोचलेला, चेहरा लाल. केतकी पलंगावर उठून बसली होती आणि तिचं तोंड उघडं होतं.

“आज्जी! ते तू केलंस?”

“मीच केलं.”

“कसं?”

“ऐकून ऐकून. तुझे पणजोबा, माझे मामंजी, रोज क्वार्टरच्या फाटकाशी आले की असे खाकरायचे. आम्ही दोघी सुना. खाकर ऐकली की पदर डोक्यावर घ्यायचा, हसत असलो तर गप्प व्हायचं, बसलो असलो तर उठायचं. तुझे आबा पायावरचा पाय खाली घ्यायचे.”

“अजून घेतात,” केतकी म्हणाली. तिचं लक्ष होतं.

“घशात कफ होता त्यांच्या?” तबस्सुमनं विचारलं. शेवटी तो तिचा विषय.

“तेच तर!” कुमुद पलंगावर बसली. “एकदा ताप आला म्हणून रेल्वेच्या डॉक्टरांनी घसा तपासला. म्हणाले, काय हो गार्डसाहेब, घसा तर आरशासारखा लख्ख आहे. कणभर काही नव्हतं त्यांच्या घशात, जन्मभर. ते नुसते सांगायचे, मी आलोय. आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दम्याच्या. त्यांच्या छातीत खरोखरचं दाटायचं. त्या मोरीत जाऊन नळ सोडायच्या. मला नव्या नवरीला त्यांनीच शिकवलं. मी तुला शिकवलं.”

तिनं केतकीच्या केसांतला रबर काढला आणि पुन्हा घट्ट बांधला.

“या घरात आजवर ज्याच्या घशात काही नाही तोच खाकरलाय, राणी. तुझ्याकडे तर खरं कारण आहे. कर मोठ्यांदा. मी इथंच बसणार. कुणी आत जायचं नाही.”

केतकीनं तबस्सुमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवला, हनुवटी वर केली आणि गार्डाचा चेहरा करून म्हणाली, “अ‍ॅहॅख.”

“हे प्रवासी,” मी पेपरामागून म्हणालो. “गार्ड नव्हे.”

“अ‍ॅऽहॅऽख!”

“आणखी खालून! स्टेशन लांब आहे अजून!” कुमुद म्हणाली आणि स्वतःच पुन्हा एक मालगाडी सोडली. मंजिरीला हसू फुटलं. केतकी हसायला लागली, आणि हसता हसता छातीतलं ते खडखडलं. तबस्सुमनं तिला झटकन पुढं वाकवलं, पाठीवर ओंजळ सुरू केली. “हसू नको, हाऽ कर. हाऽ! अजून एक. हाऽऽ! आलं, आलं, वर आलं. आता पणजोबा!”

केतकीनं माझ्या वडिलांना जिन्यावरून वर आणलं. सबंध, टोल्यासकट. आणि बाटलीत टपकन काहीतरी पडलं.

आम्ही चार मोठी माणसं त्या बाटलीवर वाकलो. बारशाच्या पाळण्यावरसुद्धा माणसं इतकी वाकत नाहीत. हिरवट, घट्ट, जागचा न हलणारा एक ऐवज तळाशी बसला होता.

“गोळीबंद,” कुमुद म्हणाली.

तबस्सुमनं झाकण लावलं. तिनं डोळे पुसले, पण बाहीनं, आणि लगेच म्हणाली, “घाम आला हो.”

तासाभरात मी खिडकीशी होतो. त्या माणसानं बाटली उजेडाकडे धरली, कलती केली, ऐवज हलला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“हां! ह्याला म्हणतात बेडका!”

रांग पुन्हा हसली. या वेळी केतकी सदऱ्यामागे गेली नाही. ती टाचा उंच करून त्या अर्धगोल भोकाशी गेली आणि म्हणाली, “माझा आहे.”

शनिवारी दुर्बीण घातली गेली नाही. आठवड्यात जंतूचं नाव कळलं. ते मी इथं सांगत नाही, त्यानं खूप प्रसिद्धी मिळवली आहे. त्याच्यावरचं नेमकं औषध शिरेतून सुरू झालं, ताप उतरला, आणि मंजिरीची भांडी हळूहळू शांत झाली. आजार बरा झाला असं नाही. तो जात नाही. रोजची वाफ, रोजचा हाऽ, अधूनमधून इस्पितळ, हे तेव्हापासून आजतागायत चालू आहे. पण आमच्या घरात केतकीला नळ सोडायची गरज त्यानंतर पडली नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. केतकी कोल्हापूरला कॉलेजात भूगोल शिकवते. वर्गात शिरण्याआधी ती बाहेर व्हरांड्यात खाकरते. खरंच दाटलेलं असतं, त्यात नाटक नसतं. पण तिचे विद्यार्थी सांगतात की तो आवाज आला की मोबाइल खिशात जातात आणि मागच्या बाकावरचे पाय खाली येतात.

सुट्टीला ती आमच्याकडे येते. पिशवीत फुंकायचं यंत्र, वाफेचं मशीन, आणि आज्जीसाठी खवा. कुमुदला आता ऐकू कमी येतं. दाराची बेल ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, माझं तर तिला पूर्वीपासून ऐकू येत नव्हतं. पण जिन्याच्या तळाशी ती मालगाडी सुरू झाली, चढावर लागली आणि शेवटचा टोला पडला, की कुमुद गुडघ्यांवर हात ठेवून उठते, पदर डोक्यावर ओढते आणि डोळे मोठे करून मला म्हणते, “अहो, मामंजी आले!” आणि दाराशी जाऊन, जिन्यात तोंड काढून, आपली खाकर सोडते. वरून एक, खालून एक. देवस्थळी आता दार उघडून विचारत नाहीत.

मी पायावरचा पाय खाली घेतो. मग उठून बाथरूममधला नळ घट्ट बंद आहे ना, तेवढं पाहून येतो.

असतो.